ह्यातली बाई जगती का?

"आई टाकून चालली होती? मला? हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. कादंबरी आहे ती."

"पान एकशे ब्याऐंशी. 'लेकीकडं तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.' कोण ही लेक?"

"पात्र आहे."

"पात्राच्या हनुवटीवर टाक्यांची खूण आहे, सर. ही बघा." मुलीनं टेबलावर वाकून हनुवटी पुढं केली. "ओट्यावरनं मी पडले होते. पात्र पडलं नव्हतं."

"अंकिता, पहिल्या पानावर छापलंय..."

"वाचलंय. पात्रं काल्पनिक, प्रसंग काल्पनिक, गाव काल्पनिक. पाठ झालंय माझं. तुमचं लिहिलेलं माझं लवकर पाठ होतं. ते दुसरं म्हणून दाखवू? त्याच्यावर तर काल्पनिक असं कुठं छापलेलं नाही."

"ओ ताई," कोपऱ्यातल्या बाकावरून आवाज आला, "बोर्ड वाचता येतो का? शांतता राखा, लिहिलंय."

हे तात्याबा. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. रोज जेवून वाचनालयात यायचं आणि चार वर्तमानपत्रं मागून पुढं वाचायची, हा त्यांचा वीस वर्षांचा शिरस्ता.

"आजोबा, शांतताच राखली हो सगळ्यांनी. आज एक दिवस मला बोलू द्या."

तात्याबांनी पेपर वर धरला. पण पान काही उलटलं नाही.

वाईत घाटाकडं उतरणाऱ्या एका बोळात हे वाचनालय आहे. आकाराम होवाळ तिथं ग्रंथपाल. वय अठ्ठावन्न, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, नावावर सहा कादंबऱ्या. पहिल्या पाच कुणी वाचल्या ते छापणाऱ्यालाही ठाऊक नाही. सहावी, 'साडेचारची सातारा', गेल्या दिवाळीत आली. एक बाई सासरच्या माराला कंटाळून गावच्या वाचनालयात येते, तिथला ग्रंथपाल तिला साडेचारच्या एसटीत बसवून देतो आणि बाई जगते, एवढीच गोष्ट. शिरवळच्या औषध कंपनीत प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अंकितानं ती विकत घेतली ती लेखकाचं नाव बघून. कारण तेच नाव तिच्या घरच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत, एका मजकुराच्या तळाशी वीस वर्षं लटकत होतं. शब्दांकन : आकाराम होवाळ.

अंकिता उठून उभी राहिली. हात मागं बांधले आणि शाळेतल्या स्पर्धेत पोरी काढतात तसला उंच, सरळ आवाज काढून म्हणायला लागली :

"कैलासवासी रेश्मा वीरधवल पाटील! बागेला पोटच्या लेकराप्रमाणे जपणारी माउली! सत्तावीस मार्चच्या त्या अभद्र सायंकाळी, घड भरात आले असता, फवारणी करताना विषारी औषध नाकातोंडात जाऊन..."

"बस."

"...जाऊन तिने आपला देह त्याच मातीत ठेवला! तिसरीपासून म्हणतेय, सर. दर सत्तावीस मार्चला, मांडवात, माईकवर. बायका पदर लावायच्या डोळ्यांना. परवा विसावं पुण्यस्मरण आहे. परवा पण म्हणायचंय. आमच्या घरच्या आजोबांनी पत्रिकेत छापलंय माझं नाव."

"नको म्हणू मग."

"नाहीच म्हणणार. तुम्ही येताय. ज्यानं ते लिहिलं त्यानंच माईकवर सांगायचं की ते खोटं होतं. मी सांगितलं तर पोरगी शिकून बिघडली म्हणतील."

"मी कादंबरी लिहितो, बाळ. भाषण नाही."

"भाषणच तर लिहीत होता आधी!"

ते खरं होतं.

कुठं एखादी शाल मिळाली, एखाद्या कॉलेजात बोलावलं, की आकारामला विचारतात, प्रेरणा काय? तो द्राक्षाच्या पेट्यांची गोष्ट सांगतो. कवठे महांकाळ तालुक्यातल्या बोरसोंडमध्ये त्याचे वडील, धोंडिराम, लालासाहेब पाटलांच्या बागेत मजूर होते. हंगामात पेट्यांना आतून लावायला शहरातून रद्दी यायची. जुनी मासिकं, साप्ताहिकं. शाळा सुटली की आकाराम पॅकिंगच्या शेडमध्ये बसून कागद लावायचा आणि लावता लावता वाचायचा. सुरुवात एका पेटीत, मधलं कलकत्त्याला गेलेलं, शेवट सापडलाच तर उंदरानं खाल्लेला. राहिलेलं तो रचायचा आणि घरी येऊन आईला, बनाबाईला, सगळं सलग वाचल्यासारखं सांगायचा. ऐकणारे हसतात, टाळ्या वाजवतात. गोष्ट खरीच आहे. फक्त ती तिथं संपत नाही.

लिहायचं शिकला तो मयताच्या कार्यक्रमात. आपल्याकडं रक्षाविसर्जनाला, राख सावडून झाली की, माईक लागतो. सरपंच बोलतात, कारखान्याचे संचालक बोलतात, आणि त्याआधी गेलेल्या माणसाचा जीवनपट वाचला जातो. बारावी झालेला आकाराम गावच्या वाचनालयात लागला तेव्हापासून तो जीवनपट त्याच्याकडं आला. घरच्यांकडून तारखा घ्यायच्या, बाकीचं आपलं आपण भरायचं. एका म्हाताऱ्याच्या बाबतीत तर भरायला काही मिळेचना. त्याला सख्खी पोरं भीत. शेवटी आकारामनं लिहिलं, की आण्णा रोज पहाटे चिमण्यांना कण्या टाकत. निव्वळ थाप. वर्षानं त्याच घरात चहाला गेला, तर थोरला मुलगा डोळे पुसत सांगतोय, "आण्णांच्या चिमण्या अजून येत्यात बगा अंगणात." त्या दिवशी आकारामला कळलं की आपल्या हातात काय आहे. त्याला त्याचा आनंद झाला होता, हेही त्यानं कुठल्या मुलाखतीत सांगितलेलं नाही.

आणि मग रेश्मा. लालासाहेबांची सून, वाईकडची. लालासाहेब वाचनालयाचे अध्यक्ष, त्यामुळं सुनेला तेवढी एक वाट मोकळी होती. आठवड्याला एक पुस्तक, बाजाराच्या दिवशी. पुस्तक हातात घेऊन ती एकच विचारायची :

"भाऊ, ह्यातली बाई शेवटी जगती का?"

"जगते की."

"नक्की?"

"नक्की, वैनी."

आठ दिवसांनी पुस्तक टेबलावर आदळायचं. "खोटं बोललासा. मेली की ती. रेल्वेखाली."

"मग लेखकाची चूक."

"आन् तुमची न्हाई व्हय?"

तोवर आकारामला जाडजूड ऐतिहासिक आवडायचं. तलवारी, भुयारं, फितुरी. तिच्यामुळं त्याची वाचायची तऱ्हाच पालटली. तिला खोटं सांगायला नको म्हणून तो शेवटचं पान आधी वाचायला लागला. घर सोडणारी बाई दिसली की पुस्तक बाजूला काढायचा. उन्हाळाभर कपाटं उपसली. घर सोडणाऱ्या बायका भरपूर होत्या. कुणी विहिरीत, कुणी वेड्यांच्या इस्पितळात, कुणी आश्रमात पांढरं लुगडं नेसून, कुणी परत येऊन सासूच्या पायावर. पण घर सोडलं, दुसऱ्या गावात भाड्याची खोली घेतली, सकाळी नळाला नंबर लावला, संध्याकाळी आपल्यापुरत्या दोन भाकरी थापल्या आणि पुढं काहीच वाईट झालं नाही, अशी एक बाई त्या साडेतीन हजार पुस्तकांत नव्हती.

"न्हाई आसलं पुस्तक," त्यानं एकदा कबूल केलं.

रेश्माच्या डाव्या मनगटावर फडकं होतं. "तुमी लिवा की मग. मेलेल्याचं एवढं ग्वाड लिवता, एक जित्तीचं लिवा."

ती हसत म्हणाली होती. त्यानं लिहिलं ते तिच्या मयताचं.

अठ्ठावीस मार्चला लालासाहेब स्वतः वाचनालयात आले. उभ्या उभ्याच बोलले. "आकाराम, चांगलं लिही रं. पोलिसांचं कागद झाल्यात. औषध मारताना नाकातोंडात गेलं, आसं हाय ते. बागंसाठी गेली पोर, हे आलं पायजे. माणसं रडली पायजेत."

"आबा, मी... ह्या वेळी दुसऱ्या कुणाला..."

"दुसरं कोन हाय?" आबा जरा थांबले. "धोंडिराम बागंतच हाय न्हवं? बरं चाललंय त्याचं. जा, लिही."

माणसं रडली. आकाराम घरी आला तेव्हा धोंडिराम दारात बसले होते.

"आकाराम, फवारणी कसली रं लिवलीस?"

"आबांनी सांगितलं. औषध मारताना गेली."

"आरं माल उतरून आठ दिस झालं. एक घड न्हाई बागंत. इश्रांतीला हाय बाग. पंप म्याच धुतला, माळ्यावर म्याच टाकला. औषध मारतंय कोन, कशाला?"

आकारामला बागेतलं ते ठाऊक नव्हतं. त्याला पेट्यांचे कागद ठाऊक, रोगराई-फवारणीचं वेळापत्रक नाही. पण मांडवातल्या तीनशे माणसांना ठाऊक होतं. सगळे बागायतदार. 'घड भरात आले असता' हे शब्द कानावर पडताच त्यांना कळलं असणार की हे धादांत खोटं आहे, आणि तरी कुणाची मान हलली नव्हती.

"मग कुणी बोललं का नाही, आप्पा?"

"तू बोललास?"

पुढच्या वर्षी धोंडिराम गेले. त्यांच्यासाठी काही लिहून वाचायला आकारामनं नकार दिला. बुद्धवंदना झाली आणि माणसं घरी गेली. आईला घेऊन त्यानं गाव सोडलं आणि वाईच्या या वाचनालयात जागा होती, ती धरली. वाईच का, असं कुणी विचारलं नाही. रेश्माची आई अंबूबाई तिथून दोन कोसांवरच्या वाडीत राहायची. तिच्या घरी तो कधी गेला नाही. तो फक्त लिहीत राहिला. प्रत्येक कादंबरीत एक बाई घर सोडते आणि जगते. पाच वेळा जगवली. सहाव्या वेळी त्यानं पान एकशे पंचाण्णववर एक वाक्य घातलं : 'बाग विश्रांतीला होती आणि पंप धुऊन माळ्यावर गेला होता.'

"ह्या वाक्यापाशी मी चार दिवस अडले," अंकिता आता खाली बसली होती. आवाज उतरला होता. "बागेत वाढलेय मी, सर. मार्चअखेर फवारणी नसते हे मला शेंबड्या वयापासून माहीत आहे. तरी दर मार्चला तेच म्हणत होते. डोक्यात कधी आलंच नाही. असं कसं होतं?"

"चांगलं लिहिलं होतं म्हणून."

तात्याबांचा पेपर खाली आला. "काय माणूस आहात हो तुम्ही," ते म्हणाले. आकारामनं मान हलवली, जणू तो त्यांनी विचारलेला प्रश्नच होता.

अंकितानं सॅकमधून एक जुनं पुस्तक काढलं. पुठ्ठा गेलेला, आत गोल शिक्का : बोरसोंड सार्वजनिक वाचनालय.

"आईच्या ट्रंकेत सापडलं. साडीच्या घडीत. म्हटलं, हे पण विचारावं." तिनं मागचं पान उघडलं. तारखांचा चिकटवलेला कागद. शेवटचा शिक्का जांभळा, ठसठशीत. "चार एप्रिल. आई सत्तावीस मार्चला गेली. मग ती गेल्यावर आठ दिवसांनी हे कुणी नेलं आणि तिच्या ट्रंकेत कुणी ठेवलं? बाबांनी? म्हणजे त्यांना काहीतरी वाटलं असेल का तिच्याबद्दल?"

आकारामनं पुस्तक हातात घेतलं. कागदावरून अंगठा फिरवला. एवढा वेळ वाद घालणाऱ्या, प्रत्येक प्रश्नाला 'पात्र आहे' म्हणणाऱ्या माणसाला आता फक्त मान डोलवायची होती. हो, असेल. बाबांनी नेलं असेल. पोरीनं स्वतःच्या हातानं गोष्ट रचून त्याच्या पुढ्यात ठेवली होती.

"नेलं त्या दिवसाचा शिक्का नसतो आमच्याकडं," तो म्हणाला.

"मग?"

"परत करायच्या दिवसाचा मारतो. आठ दिवसांच्या मुदतीनं."

अंकिता बोटांवर मागं मोजत गेली. चार, तीन, दोन, एक, एकतीस. अठ्ठावीसपाशी तिचा आवाज बंद झाला. पुढचं बोट तिनं नुसतंच मिटलं.

"त्या दिवशी आली होती," ती म्हणाली.

"पावणेचारला."

"आणि?"

"हातात पिशवी होती. म्हणाली, 'भाऊ, पाऊण तास आत बसू द्या. साडेचारची सातारा आली की जाते. स्टँडवर बसले तर अर्धं गाव बघंल.'"

"बसवलंत?"

"मी म्हणालो, वैनी, वाचनालय चारला बंद होतं."

"व्हायचं?"

"सहाला व्हायचं."

बाहेर बोळातून कुणीतरी स्कूटर ढकलत नेत होतं. तात्याबांनी पेपराची घडी घातली, ती पुन्हा उघडली.

"अध्यक्ष ते. आप्पा त्यांच्या बागेत. मी भ्यालो. पण मला वाटलं, अगदीच रिकामी कशी पाठवू? कुणी वाटेत हटकलं तर सांगायला काहीतरी हवं, म्हणून हे पुस्तक दिलं. शिक्का मारला. म्हटलं, विचारलं तर पुस्तकाला गेले होते म्हणा. ती पुस्तकाकडं बघत राहिली. नेहमीचं विचारलं नाही तिनं."

"काय विचारलं नाही?"

"बाई जगते का म्हणून."

अंकिताचे दोन्ही हात टेबलाच्या कडेला घट्ट होते. "आणि मी? तुमच्या पुस्तकात तर ती पोरीला... पोरगी अंगणात खेळत असते आणि ती..."

"ते मी रचलं."

"का?"

"पोरगी बरोबर असली की गोष्ट अडायची. गाडीत चढणं, तिकीट, पोरीचं रडणं, पुढं शाळा. दोनदा लिहून बघितलं, शेवट सुखाचा होईना. म्हणून काढून टाकली." तो थांबला. "पिशवी अर्धी उघडी होती. वर तुझे दोन फ्रॉक होते. वाचनालयाला लागून बालवाडी होती. ती चारला सुटायची. तुला घेऊन तशीच गाडीत बसणार होती ती. म्हणून तर आत बसायचं होतं तिला."

अंकितानं टेबलाची कड सोडली.

"कसल्या रंगाचे?"

"एक पिवळा."

"आणि दुसरा?"

आकारामनं डोळे मिटले. ओठ हलले.

"रचू नका," अंकिता म्हणाली.

"नाही रचत. आठवत नाही."

"मग कुठं गेलो आम्ही? चारला मला कुणी नेलं?"

"तिनंच. मी खिडकीतून बघितलं. तुझा हात धरून घराकडं गेली. दुसऱ्या हातात पिशवी, काखेत हे पुस्तक. आणि संध्याकाळी..." त्यानं हात उचलून खाली टाकला. "औषध तिनं घेतलं की कुणी दिलं, ते मला माहीत नाही, अंकिता. देवाशपथ नाही. लिहिताना तिथं आलो की प्रत्येक वेळी मी तिला गाडीत बसवतो. मला पुढचं येत नाही."

अंकितानं पुस्तक ओढून घेतलं. मागचा कागद पुन्हा एकदा बघितला. मग ते छातीशी धरून बसली, लहान पोरं पाटी धरतात तसं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. हनुवटीवरची खूण तेवढी पांढरी पडली होती.

आकाराम खुर्ची मागं सारून उठला. उठताना त्याचा गुडघा टेबलाला लागला आणि शिक्क्यांची डबी खाली पडली. ती त्यानं उचलली नाही.

"येतो मी परवा," तो म्हणाला. "तू म्हणत होतीस ना? माईकवर. आबा पुढं बसलेले असले तरी चालतील. पिशवीचं सांगतो, फ्रॉकचं सांगतो, चारचं सांगतो. जसं घडलं तसं. लिहून आणत नाही. नुसतं बोलतो."

अंकितानं सॅकची चेन उघडली.

"पहाटेच्या गाडीनं निघालो तर दहापर्यंत पोचेन. कार्यक्रम कितीला आहे? पत्रिकेत काय छापलंय?"

तिनं आईचं पुस्तक आत ठेवलं, वर रुमाल ठेवला, चेन ओढली. 'साडेचारची सातारा' टेबलावरच राहिली, पान एकशे ब्याऐंशीला तिकीट घातलेली.

"ताई, सर काहीतरी विचारतायत," तात्याबा हळू म्हणाले.

"अंकिता, येऊ ना मी?"

तिनं दाराशी वाकून सँडलचा बंद लावला. पहिल्यांदा नीट बसला नाही म्हणून पुन्हा सोडला, पुन्हा लावला. मग सॅक दोन्ही खांद्यांवर घेतली आणि मागं न बघता तीन पायऱ्या उतरून बोळातून स्टँडच्या दिशेनं चालू लागली.